वरच्या स्टेशनात आईने काहीही खाल्लं नाही

गेल्या गुरुवारी आई माझ्या बारमध्ये बसून पोटभर जेवली. वर रम पेटवून केलेली कॉफीही प्यायली.

असं काहीही घडलेलं नाही. वरचा परिच्छेद विसरून पुढे वाचावं.

आमच्या डोंगरातून पूर्वी खाणीतलं लोखंड समुद्राकडे नेणारी रेल्वे जायची. खाण संपली, रूळ भंगारात गेले, आणि आता त्याच वाटेने शहरातली माणसं सुट्टी काढून सायकलवर किंवा पायी जातात. जातात म्हणजे उतरतात. एकदा वर खाणीपाशी नेऊन सोडलं की समुद्रापर्यंत सगळा उतारच. पायडल मारायचं ते फक्त फोटोपुरतं.

या वाटेवर दोन जुनी स्टेशनं आहेत. वरचं तोर्रसेका, खालचं ला फिगेरा. नगरपालिकेने दोन्ही बारसाठी भाड्याने द्यायला काढली तेव्हा अर्ज दोनच आले. एक माझा, एक आर्नाउदादाचा. भावाभावांत भांडण नको म्हणून चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, आणि भांडण नकोच म्हणून चिठ्ठी उचलायला आमच्याच आईला बोलावलं. आईने डोळे मिटून हात घातला आणि दादाला खालचं स्टेशन दिलं. तिने डोळे मिटले हे सगळ्या सभागृहाने पाहिलं. किती मिटले, ते कोणी तपासलं नाही.

दोन्ही इमारती सारख्याच आहेत. तीच विटांची कमान, तेच बंद पडलेलं घड्याळ. फरक पडतो तो 'दहाच्या'मुळे. आमच्याकडे माणूस पक्ष बदलेल, बायको बदलेल, पण सकाळचं दहाचं खाणं दहालाच खाईल. अर्धा लांब पाव, त्यात आत काय असेल ते, बाजूला ऑलिव्ह आणि खारवलेल्या शेंगा. टरफलं जमिनीवर टाकायची, तसा रिवाज आहे. आता वरून निघालेली माणसं माझ्या दारात पोचतात ती नऊच्या सुमाराला. नऊला आमच्याकडे कोणी मेलं तरी खात नाही. तीच माणसं पुढे दादाच्या दारात पोचतात बरोबर दहाला. माझ्याकडे ती थांबतात टायरात हवा भरायला आणि संडासला. दादाची जमीन टरफलांनी करकरते. माझी जमीन इतकी स्वच्छ आहे की लोक बूट काढू का म्हणून विचारतात.

हेही मी सोसलं असतं. पण दर गुरुवारी आई येते. गावातल्या सहा मैत्रिणी आणि ती, सगळ्यांच्या बॅटरीच्या सायकली, सगळ्यांच्या अंगात एकसारख्या जांभळ्या जर्सी. बोगद्यातून सुसाट बाहेर पडतात, माझ्या फलाटावरून जाताना आई दोनदा घंटी वाजवते आणि दादाकडे जाऊन जेवते. त्याला भूक, मला घंटी.

"आई, एकदा तरी थांब ना," मी म्हणायचो.

"नेल, नऊला कुठे भूक असते रे?"

मी पदार्थ बदलले. कोवळ्या पावट्याचं ऑम्लेट केलं, जे दादाला जन्मात जमलेलं नाही. त्याचा वास थेट वाटेवर सोडायला पंखा लावला. जांभळ्या जर्सी वास घेत घेत निघून गेल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पदार्थात खोट नाही. खोट वेळेत आहे. आईला कुठेतरी तासभर अडवलं की दहा माझ्याच दारात वाजतील.

म्हणून मी ब्लाय मेंढपाळाकडे गेलो.

"मेंढ्या बोगद्यात घालायच्या?" ब्लायने विचारलं.

"घालायच्या. फक्त बाहेर पडायची घाई नको."

"मेंढीला कसली घाई? मला काय मिळेल?"

"पोटभर दहाचं."

"तुझ्याकडे?"

"मग?"

"नाही, म्हटलं, आर्नाउकडे जमलं तर बघ."

गुरुवारी मी सगळ्यात मोठं टेबल मांडलं. ऑलिव्ह ठेवले, शेंगा ठेवल्या आणि बोगद्याच्या तोंडाशी कान देऊन उभा राहिलो. आमच्या बोगद्यातले दिवे कोणी हललं तरच लागतात. मेंढ्या घाबरल्या की जागच्या जागी खिळतात. बायका मेंढ्यांत रुतल्या, कोणालाच हलता येईना, आणि दिवे गेले. मधेच एखादी मेंढी शिंकली की क्षणभर उजेड पडायचा.

"अगं, कोणीतरी हला!" आतून आवाज आला.

"हलतेय की, पाकिता! दिव्याला मी दिसत नाहीये!"

"साठ वर्षं कोणाला दिसली नाहीस, दिव्याला काय दिसणार!"

"माझ्या पायावर कोण उभं आहे?"

"बेऽऽ!"

"तू नाही ग, दुसरी!"

मिनिटाला एक मेंढी या वेगाने बोगदा रिकामा झाला. जांभळ्या जर्सी लोकरीने पांढऱ्या होऊन बाहेर आल्या. दहा वाजत होते. मी टेबलाकडे हात केला.

"पाकितामावशी, या, बसा! दहाच वाजले!"

"अरे बाळा, म्हणूनच तर पळायचंय!" मावशीने सायकलीवर टांग टाकली. "दहा वाजले! आर्नाउने पाव कापून ठेवले असतील, टेबल लावून बसला असेल बिचारा! चला ग!"

आणि त्या गेल्या. तेव्हा मला कळलं की दहा ही वेळ नाहीच. दहा हे ठिकाण आहे, आणि ते ला फिगेराला आहे.

आई मागे होती. "तुम्ही व्हा पुढे," ती ओरडली, "माझी चेन पडलीये!" मी पाहिलं, चेन जागेवर होती. आईने सायकल भिंतीला लावली, येऊन टेबलाशी बसली आणि एक शेंग फोडली.

"मेंढ्या तुझ्या."

"ब्लायच्या."

"ब्लायने मला आतच सांगितलं. त्याच्या वाटणीचं आर्नाउकडे सांगून ठेव म्हणाला." तिने टरफल जमिनीवर टाकलं. माझ्या जमिनीवर! "आण काय केलंयस ते."

मी आणलं. ती खात होती, मी बघत होतो.

"कसं झालंय?"

"मीठ कमी."

"दादापेक्षा?"

"नेल, खाऊ दे."

"मग त्या दिवशी चिठ्ठी काढताना... तुझे डोळे मिटलेले होते?"

आईने शांतपणे घास गिळला. "एक."

मला वाटत होतंच. लहानपणापासून वाटत होतं. माझ्या आयुष्यात इतकं सुखाचं दुःख मला कधी झालं नव्हतं. "म्हणजे चांगलं स्टेशन बघून तू त्याला दिलंस!"

"घराजवळचं बघून तुला दिलं. ला फिगेराला मला चालत जाता येईल का? सायकल चालवणं सुटलं की मी रोज चालत इथे येणार आहे. रोज. नऊलासुद्धा."

"कधी?"

तिने सायकलीकडे पाहिलं. "अजून बॅटरी आहे."

इतकी चांगली बातमी, आणि तिची वाट बघायचीही चोरी.

कॉफी संपवून आई उठली, जर्सीवरची लोकर झटकली. "हे घडलेलं नाही. कळलं? आर्नाउला समजलं तर रडेल तो. तू नुसता जळतोस. तो हळवा आहे. आणि ती टरफलं झाडून टाक."

मग ती खाली जाऊन दुसऱ्यांदा जेवायला बसली.

दुपारी दादाचा फोन आला.

"नेल, आईने अर्धा पाव टाकला रे. आजवर कधी टाकला नाही. तुझ्याकडे काही खाल्लं का तिने?"

जन्मभर मी या प्रश्नाची वाट बघत होतो. तोंडाशी आलेलं उत्तर मी दातांनी अडवलं. पायाखाली टरफलं करकरली.

"माझ्याकडे?" मी म्हणालो. "माझ्याकडे कोण खातंय, दादा?"

"तेही खरंच," दादा म्हणाला, आणि त्याला लगेच बरं वाटलं. ते मला फोनवरूनसुद्धा ऐकू आलं.

म्हणून जुन्या रेल्वेमार्गांचं खातं सांभाळणाऱ्या मा. अधिकाऱ्यांस नम्र विनंती की, तोर्रसेका हे स्टेशन कमानीसह व घड्याळासह समुद्राच्या दिशेने तासभर सरकवण्यात यावं. ते शक्य नसल्यास समुद्र खाणीच्या बाजूला हलवून उतार उलटा करण्यात यावा. आणि तेही नियमात बसत नसल्यास, गेल्या गुरुवारी दहाच्या सुमारास अर्जदाराच्या आईने अर्जदाराच्या बारमध्ये पावट्याचं ऑम्लेट, शेंगा व कॉफी यांपैकी काहीही खाल्लं अथवा प्यायलं नाही, असं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र देऊन ते ला फिगेरा येथील बारमध्ये, सर्वांना ठळक दिसेल अशा उंचीवर, सरकारी खर्चाने लावण्यात यावं. टरफलं जागेवर आहेत. पाहणीसाठी कधीही यावं, शक्यतो दहाला.