न गोठणारं मेण

त्र्याण्णव सालातली गोष्ट. परभणीच्या त्या धान्य संशोधन केंद्रात गॅसचं शेवटचं नळकांडं उरलं होतं, आणि गीताबाईनं तेही सकाळीच यंत्राला जोडलं. चारला समिती येणार. ज्वारीच्या कोंड्यातून मेण निघालं तर यंत्र इथं राहणार, तिची हंगामी नोकरीही. नाही निघालं तर यंत्र पुण्याला आणि गीताबाई आपल्या गावी, चुडाव्याला.

काम सांगायला सोपं. कार्बन डायऑक्साइड इतका दाबायचा नि तापवायचा, की तो धड वायू राहत नाही, धड द्रव होत नाही. कोंड्यात वायूसारखा शिरतो, मेण विरघळवून आणतो, आणि दाब सोडला की माल खाली ठेवून आपण उडून जातो. असले पाहुणे माणसांत मिळत नाहीत.

बाजारचा जुनाट कोंडा दोनदा फसला होता. म्हणून तिनं मायला घरची ज्वारी सडून कोंडा आणायला सांगितलं. माय, सुलाबाई, पहाटेच्या गाडीनं पिशवी घेऊन आली आणि व्हरांड्यातच बसून राहिली.

दोनला बाटलीत भरपूर माल जमला. केंद्राचे प्रमुख माणिकराव साहेब डोकावले. "बाई, गेल्या वेळच्या तिप्पट की! आता गोठवा, म्हणजे मेण दाखवता येईल."

गीताबाईनं बाटली बर्फात ठेवली. गोठेना. मीठ टाकलं बर्फात. तरी घट्ट, चिकट, पण वाहतंच. नळकांड्याचा काटा शून्यावर, पुन्हा करून बघायला गॅस नाही. ती बाटली घेऊन बाहेर आली नि मायच्या शेजारी बसली.

"गोठंना गं माय."

सुलाबाईनं थेंब तळहातावर चोळला, वास घेतला. "कसं गोठंल? एरंडेल हाय हे."

"कुठलं एरंडेल?"

"जवारीला चोळलं होतं की, किडा लागू नये म्हनून. तुझ्या कामाची म्हनून दोनदा चोळलं. तूच म्हनलीस, चांगली दे."

गीताबाईला ओरडताही येईना. धान्याला तेल चोळायला लहानपणी तिनंच तर हात लावला होता. विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

"चूक झाली का गं?"

"न्हाई माय. चूक माझी."

साहेब कागद घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बाई," ते हळूच म्हणाले, "समितीला एवढं कळणार नाही. तेलही चालेल म्हणू."

"तेल कोंड्याचं न्हाई, साहेब. आमच्या घरचं हाय."

"मग यंत्र जाईल."

"जाईल," ती म्हणाली, आणि चारच्या आत अहवालातला तिप्पट मेणाचा आकडा खोडायला आत गेली.