दगडावरचं कुंकू

"ह्याला डोंगर म्हणतात होय रे?" गाडीतून उतरता उतरता सुरेखाबाईंनी विचारलं. "साताऱ्याला एवढ्या उंचवट्याला कुणी नावसुद्धा देत नाही!"

"हॉलंडात एवढाच मिळतो, आई. चल," अजित हसला.

कुणी काही चुकीचं बोललं की दुरुस्त केल्याशिवाय बाईंना घास उतरायचा नाही. अशी जन्माची खोड. पण एका गोष्टीपुढे त्यांचीही जीभ चालत नव्हती. न्यूनेनला मुलाकडे येऊन तीन महिने होत आले, मंगळवारी परतीचं विमान, आणि एवढ्या दिवसांत अजितने थोरल्या भावाचं नाव एकदाही काढलं नव्हतं. घरात अनिमेषचा फोटोदेखील नाही. नऊ वर्षांपूर्वी तो फौजेत असताना बर्फाच्या कड्याखाली गाडला गेला, तेव्हा अजितचं इथं राहायचं परमिट नूतनीकरणात अडकलेलं. त्याला येता आलं नाही. तेव्हापासून जे तोंड मिटलं ते मिटलंच. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, त्याच्या तोंडून 'दादा' ऐकावं, एवढीच बाईंची इच्छा होती.

टेकडीच्या पोटात खडक कोरून मोठं दालन केलेलं होतं. पिवळ्या भिंतींवर युद्धात गेलेल्यांची नावं, ओळीने. बाईंनी दाराशीच चपला काढल्या.

"आजी, इट्स कोल्ड!" आठ वर्षांची गुंजन ओरडली.

"असू दे गं. देवाच्या दारात थंडी बघतात का?"

नावं काही त्यांना वाचता येईनात, पण आकडे येत होते. १९२०, १९४४. म्हणजे चोवीस. अनिमेषही चोवीसचाच होता! बाईंच्या गावात हुतात्म्याच्या दगडाला कुंकू लावल्याशिवाय कुठलीच बाई पुढे जात नाही. अजित गुंजनला पलीकडे काहीतरी दाखवत होता. बाईंनी पर्समधला करंडा काढला, बाटलीतल्या पाण्याने बोट ओलं केलं आणि त्या परक्या पोराच्या नावाखाली कुंकू टेकवलं.

दगड कसला, खडूच तो! बघता बघता रंग पिऊन गेला आणि एक लाल ओघळ खाली निघाला.

"आई! अगं काय केलंस हे!" अजित धावत आला. ओल्या टिश्यूने पुसायला गेला तर डाग तळहाताएवढा झाला. तेवढ्यात स्मारकाची राखण करणारी उंच, पांढऱ्या केसांची बाई येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं सुरेखाबाईंना वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

"हा तुमच्या घरातला का?" तिने इंग्रजीत विचारलं.

"नाही," अजित म्हणाला.

"मग?"

अजित माफी मागणार, दंड भरतो म्हणणार, असंच बाईंना वाटलं. पण तो त्या डागाकडे बघत राहिला. "माय ब्रदर..." म्हणाला आणि अडला. डोळे भरून आले त्याचे. "सोल्जर होता. एवढ्याच वयाचा. मी खांदा द्यायलासुद्धा गेलो नाही. आईने एकटीने केलं सगळं." निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत. मग आईकडे वळून म्हणाला, "दादाला मी शेवटचं बघितलं नाही गं, आई."

"अरे माझ्या बाळा," एवढंच सुरेखाबाईंच्या तोंडून निघालं.

राखणदार बाईने भिंतीवरून हात फिरवला. खरवडलं तर अक्षरंच जातील, राहू दे, म्हणाली. नोंदवहीत डागाची नोंद केली आणि अजितला भावाचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. तिने ते सावकाश, विचारून विचारून लिहिलं.

बाहेर आल्यावर गुंजनने बापाचा हात ओढला. "बाबा, हू इज अनिमेष?"

"माझा दादा. तुझा काका," अजित म्हणाला. "त्यानेच मला सायकल शिकवली. हिरवी सायकल होती आमची, मागून धरायचा आणि न सांगता सोडून द्यायचा, लबाड!"

गुंजन खदखदून हसली. "मग? तू पडलास?"

"तुम्ही व्हा पुढे, माझे गुडघे दुखतायत," सुरेखाबाई म्हणाल्या. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. पदराने डोळे टिपत त्या दोघांच्या मागून ऐकत उतरत राहिल्या. सायकल काळी होती. बाई काही बोलल्या नाहीत.