पाय थांबले की गाणं बदल

सोलापूरच्या माणसाला कौतुक करता येत नाही. फार झालं तर ‘बरंय की’ म्हणेल आणि आपल्या कामाला लागेल. ‘थप्पी’ या बँडचं पहिलं गाणं पंधरा दिवसांत तीन लाख लोकांनी ऐकलं, तेव्हा अक्षताचे वडील सिद्धाराम नेमकं तेवढंच म्हणाले, आणि अक्षताचा ऊर भरून आला. बाळीवेशीतल्या त्यांच्या भुसार गोदामातच तर ते गाणं रेकॉर्ड झालं होतं. ज्वारीच्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये आवाज घुमत नाही, हा शोध अक्षताचा. बँडचं नावही त्यातूनच निघालं.

बँड तिघांचा. अक्षता गायची आणि लॅपटॉपवर ठेका, बास, सिंथ असलं सगळं रचायची. मृत्युंजय गिटार वाजवायचा. तिसरा शाकीर, त्याच्याकडे बेंजो. हा बेंजो म्हणजे इंग्रजी सिनेमातला नव्हे हं. आपल्या वरातीतला, टाइपरायटरसारखी बटणं दाबून तारा छेडायचा. शाकीरच्या वडिलांची, नबीलालचाचांची, बेंजो पार्टी होती. बाराव्या वर्षापासून तो टेम्पोवर उभा राहून वाजवत आला होता. होटगीपासून अक्कलकोटपर्यंत त्यानं किती नवरदेव नाचवले याचा हिशेब त्यालाही नव्हता.

एकदा अक्षताच्या दारावरून त्यांची पार्टी एक वरात घेऊन चालली होती. ही गच्चीवर लॅपटॉप घेऊन एका गाण्याशी झटत बसलेली. खालून बेंजो वर आला आणि तिनं तीन दिवसांचं काम पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नबीलालचाचांच्या दारात हजर. हट्टी पोरगी, एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही.

तर त्या गाण्यानं पुण्याच्या एका मोठ्या संगीत महोत्सवाचं बोलावणं आणलं. तिथला आयोजक अभिमन्यू फोनवर गोडच बोलला. “गाणं भारी आहे. फक्त तो बेंजो स्टेजवर नको, लॅपटॉपमधूनच वाजू दे. समोर उभा केला की वरात वाटेल.”

मृत्युंजयला ते पटलं. तो वाईट नव्हता, व्यवहारी होता. “शाकीरला लॅपटॉपच्या ठेक्यात बांधून वाजवायची सवय न्हाई,” तो म्हणाला. “तितं फजिती झाली तर परत कोण बोलवंल आपल्याला?”

“शाकीर स्टेजवर येणार,” अक्षता म्हणाली. “त्यानं घोळ केला तर मीच त्याला बँडमधून काढीन. झालं?”

शाकीर तिथंच पोत्याला टेकून बसला होता. त्यानं मान डोलावली आणि महिनाभर कानात ठेका घालून बोटं झिजवली. शेवटच्या आठवड्यात एक चूक नाही. अक्षता निर्धास्त झाली.

पुण्यात त्यांना दुपारी साडेचारची वेळ मिळाली. नवख्यांना उन्हातच उभं करतात. समोर दोनेक हजार माणसं होती. पहिल्या गाण्याला ती उसळली, टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. मग दुसरं गाणं, संथ, अक्षताचं सगळ्यात लाडकं. तिनं डोळे मिटून पहिलं कडवं म्हटलं. बेंजो तिच्या मागून हळूहळू येत होता. लोक गप्प झाले, उंचावलेले फोन खाली आले. सगळं मैदान जागच्या जागी उभं राहिलं.

आणि अचानक बेंजो उधळला. तिसऱ्या गाण्याची चाल, दीडपट वेगानं.

आता झालं काय, ते सांगायला हवं. नबीलालचाचांनी पोराला पहिल्या दिवशी एकच नियम शिकवला होता: पाय थांबले की गाणं बदल, कुणाला विचारत बसू नको. वरात थांबली की नवरदेवाला उशीर आणि पार्टीचं नाव खराब. म्हणून बेंजोवाला तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. शाकीरनं पाहिलं, चार हजार पाय थांबलेत. कानात ठेका टिकटिकत होता, पण बोटांना कान नसतात.

लॅपटॉप संथ चाललेला, बेंजो सुसाट. मृत्युंजय गिटार धरून नुसता बघत राहिला. स्टेजच्या कडेला अभिमन्यूनं कपाळावर हात मारला. अक्षताच्या हाताशी दोन बटणं होती. एक दाबलं की शाकीरचा आवाज बंद. गाणं नीट पुरं झालं असतं आणि अभिमन्यूचं म्हणणं खरं ठरलं असतं. तिला भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण माणूस आपण आणला, तर त्याला भर मैदानात मुका कसा करायचा? तिनं दुसरं बटण दाबलं आणि लॅपटॉपच बंद केला. समोरच्या पॅडवर हातानं ठेका धरला, शाकीरच्या वेगात. दोन आवर्तनांत मृत्युंजयही येऊन मिळाला. लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय. ते नाचायला लागले.

गाणं संपलं तसा शाकीर तिच्याजवळ आला. चेहरा पार उतरलेला. “घोळ झाला. घरला जातो मी. पाय थांबले, वाटलं गाणं पडलं.”

“पडलं नव्हतं, शाकीर. ते ऐकत होते.”

त्याला उमजेना.

“थांबून ऐकत होते. तुला.”

अकरा वर्षं वाजवत होता बिचारा. त्याच्यापुढं लोक नाचले, नोटा उधळल्या, मारामाऱ्याही केल्या. उभं राहून त्याला कुणी ऐकलं नव्हतं. मग त्याला कळणार तरी कसं?

सहा मिनिटं उरली होती. एखादं दणक्याचं घ्या, अशी खूण अभिमन्यूनं केली. अक्षतानं माइकवर सांगितलं, “मघाचं गाणं अर्धं राहिलं, ते पुरं करतो.” लॅपटॉप तिनं चालू केला नाही.

मैदान पुन्हा थांबलं. शाकीरची बोटं एकदा अडखळली, त्यानं अक्षताकडे पाहिलं. ती गातच राहिली. मग तोही वाजवत राहिला, त्या थांबलेल्या पायांकडे बघत, शेवटच्या सुरापर्यंत.

खाली उतरल्यावर अभिमन्यू वही घेऊन आला. पुढच्या दोन कार्यक्रमांच्या तारखा त्यानं तिथल्या तिथं दिल्या. “बेंजोवाल्याचं नाव काय लिहू?” त्यानं विचारलं. नाव मृत्युंजयनं सांगितलं.

तेवढ्यात सोलापूरहून चाचांचा फोन आला. “लोगां नाचे क्या रे?”

“नै अब्बा,” शाकीर म्हणाला, “एक बी नै हिल्या,” आणि एवढं बोलून तो हुंदके देऊन रडायला लागला.

“जाने दे बेटा, होता कभी कभी,” म्हातारा तिकडून समजूत घालायला लागला. शेवटी अक्षतानं शाकीरच्या हातातून फोन काढून घेतला आणि चाचांना सगळं पहिल्यापासून सांगायला बसली.