‘ओलावा’ची पाटी

म्हातारीच्या मुलाला घरात सगळे साहेब म्हणत. हे नाव तिनेच पाडलं होतं, तो शाळेतसुद्धा जात नव्हता तेव्हा, आणि कौतुकाने मुळीच नाही. दुसऱ्याने घासलेल्या भांड्यावर बोट फिरवून नाक मुरडायचं, हा त्याचा तेव्हापासूनचा उद्योग. आता केस पिकले, पोट सुटलं, नाक मात्र होतं तिथेच वर.

साहेब नवं घर बांधत होते. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं, जमिनी व्हायच्या होत्या. पण घराच्या नावाची संगमरवरी पाटी आधीच तयार होऊन आली होती. नाव काय, तर ‘ओलावा’!

"नात्यांतला ओलावा, आई," साहेबांनी समजावलं.

म्हातारी तेव्हा खोकत होती. तिचा सगळा संसार तळमजल्याच्या ओलीत झालेला. भिंतींना पोपडे, गाद्यांना बुरशी, धुतलेल्या कपड्यांनाही कुबट वास. छाती त्यातच गेली. आता आणखी ओल सोसणार नाही, डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. जिना चढवत नाही म्हणून नव्या घरातही तिची खोली खालीच, मागच्या अंगाला. ती कोरडी राहिली तर म्हातारी चार सुखाचे श्वास घेणार, नाहीतर खोकून खोकून मरणार. आणि पोटच्या पोराला सुचलं काय, तर ओलावा!

"त्यापेक्षा बुरशी ठेव," ती म्हणाली. साहेब हसले. आईला काव्यातलं कळत नाही, असं त्यांचं जुनंच मत होतं.

त्या दिवशी सकाळपासून गवंडी खालच्या खोल्यांत जाड काळं प्लास्टिक अंथरत होता. म्हातारी सुनेला घेऊन दारात खुर्ची टाकून बसली होती. गवंडी मोठ्या ऐटीत सांगत होता, "जमिनीतली ओल वर चढते ना आजी, ती या शीटला अडते. वरून काँक्रीट पडलं की झालं. पण कडा भिंतीवर वीतभर चढवायच्या. ताटाला काठ असतो तसा. काठ नसला, की ओल कडेकडेने आत येते." म्हातारीने ते नीट ऐकून घेतलं. आयुष्यभर जिच्याशी भांडली, ती ओल कुठून यायची हे तिला आज कळलं.

दुपारी सगळे जेवायला बाहेर गेले, आणि नेमके साहेब आले. त्यांना मित्रांना पाठवायला फोटो हवे होते. बघतात तर काळीभोर, चकचकीत जमीन, आणि भिंतीला चिकटलेल्या चुरगळलेल्या कडा! काय हा गबाळेपणा! साहेबांनी गवंड्याची सुरी उचलली, गुडघ्यावर बसले आणि मागच्या खोलीतल्या सगळ्या कडा भिंतीलगत सरळ रेषेत कापून काढल्या. उभ्या जन्मात या माणसाने स्वतःची नखं सोडून काही कापलं नव्हतं.

म्हातारी परतली तेव्हा साहेब कापलेल्या पट्ट्यांची गुंडाळी करत होते.

"बघ, कसं चापूनचोपून केलं!"

"अरे मेल्या, काठ कापलास?"

"लोंबत होतं ते, आई. वाईट दिसत होतं."

"काँक्रीटखाली कोण बघायला जाणार होतं रे? तुझा बाप?"

तेवढ्यात काँक्रीटची गाडी दाराशी येऊन घुरघुरू लागली. गवंडी धावत आला, खोली पाहिली, डोकं खाजवलं. म्हातारीला वाटलं, आता हा बोलेल. तो साहेबांकडे बघून म्हणाला, "साहेब म्हणत असतील तर ओततो. एकच तर खोली आहे. चालून जाईल."

सकाळी शिकवत होता, दुपारी मान डोलवायला लागला. नंदीबैल मेला!

"ओता," साहेब म्हणाले.

म्हातारीने चपला काढल्या. एक पोतं उचललं, चौघडी घालून खोलीच्या मधोमध अंथरलं, त्यावर खुर्ची ठेवली. खुर्चीचे पाय रुतून शीट फाटू नये, एवढी अक्कल तिला होती. मग ती खुर्चीत बसली.

"हं, ओता आता. माझ्यासकट ओता."

"आई, तमाशा करू नकोस. लोक बघतायत."

"बघू देत. जन्मात तुझ्याकडे एक कोरडी खोली मागितली, तर तिचीच कड कापलीस." तिचा आवाज फाटला, आणि त्याचाच तिला राग आला.

"आई, माझ्या प्रेमावर विश्वास नाही का तुझा?"

"प्रेमावर आहे रे बाबा. अकलेवर नाही."

सून आजवर नवऱ्यापुढे ब्र काढत नव्हती. तिने दुसरं पोतं आणलं, दुसरी खुर्ची आणली आणि सासूच्या शेजारी जाऊन बसली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, गाडीवाल्याकडे पाहिलं, आणि घसा खाकरून म्हणाले, "आधी पुढच्या खोल्या घ्या." जणू हे त्यांनाच सुचलं होतं.

गवंड्याने नव्या पट्ट्या जोडायला घेतल्या. एक वीत भिंतीवर, एक वीत जुन्या शीटवर. दोघी बाया डोक्यावर उभ्या असल्याने काम झकास होत होतं. फक्त एका कोपऱ्यातली पट्टी सारखी उचलली जात होती.

"टेप धरेपर्यंत काहीतरी जड, सपाट पाहिजे, आजी."

म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. सून आधीच उठली होती.

संध्याकाळी साहेब सगळं घर पालथं घालत होते. "पाटी कुठे गेली माझी?"

"आईंच्या खोलीत," सून म्हणाली. "तोंड खाली करून ठेवलीय. ओल दाबायला."