तीन बाळंतपणं

तपासनीस बाईंनी दार वाजवलं आणि तिथेच त्यांचा अंदाज चुकला. या वेळी घरी फक्त शिलाईकाम करणारी वहिनी असेल, असं धरून त्या आल्या होत्या. दार उघडलं तिच्या नवऱ्यानं. लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस आज नेमका सुट्टीवर होता.

काम तसं दोन मिनिटांचं. कुटुंब आणि प्रजनन आरोग्याचं देशभर सर्वेक्षण चालू होतं, आणि गटातल्या नवख्या मुलीनं भरलेला एक फॉर्म बाईंना खटकला होता. घरात मुलं दोन, फॉर्मवर बाळंतपणं तीन, आणि तिन्ही मुलं हयात. पोरीनं घाईत काहीतरी ठोकून दिलंय, अशी बाईंची खात्रीच होती. संध्याकाळी तिची चांगली हजेरी घ्यायची, हेही ठरलं होतं.

"परवाच तर तासभर बसली होती तुमची पोरगी," नवरा म्हणाला. "आता परत काय?"

"फेरतपासणी असते, दादा. वहिनींशी एकांतात बोलायचंय."

"एकांतात कशाला? आमच्यात लपवाछपवी नाही." त्यानं हात पुढे केला. "दाखवा ना, काय लिहिलंय ते."

मशीनमागे बसलेल्या वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. तो बघितला आणि बाईंना उमगलं. पोरीची चूक नव्हती. तिसरं मूल खरंच कुठेतरी होतं, आणि या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता.

त्यांनी फॉर्म असलेला टॅब छातीशी धरला. "नाही दाखवता येणार."

"माझ्या बायकोनं सांगितलेलं मलाच नाही?" तो पुढे सरकला. टॅबची कड त्याच्या बोटांत आली.

बाईंनी टॅब सोडला नाही. "पुरुषांचीही मुलाखत असते, दादा. लग्नाआधीचं, नंतरचं, सगळं विचारतो आम्ही. तुमची आत्ता घेते. मग तुमची उत्तरं वहिनींना दाखवू?"

तो उगाचच हसला. बोटं सुटली. "पाच मिनिटं," म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. दार मात्र अर्धं उघडंच ठेवलं.

बाई मशीनशेजारी बसल्या. वहिनीनं एक चिंधी सुईखाली सरकवली आणि मशीन चालू केलं. त्या खडखडाटात ती मान खाली घालून बोलू लागली.

"सतरा वर्षांची होते. मुलगी झाली. मावशीनं वाढवली. सगळे तिला माझी मावसबहीण समजतात. ती स्वतःसुद्धा मला ताई म्हणते." शिवण संपली, तिनं चिंधी उलटी फिरवली. "तुमच्या पोरीनं विचारलं, किती वेळा बाळंत झालात? आजवर कुणी विचारलंच नव्हतं हो. तोंडातून निघून गेलं."

"खोडू का?" असं विचारणं नियमात बसत नव्हतं, तरी बाईंनी विचारलं.

मशीन थांबलं. गॅलरीतली सावली हलली. वहिनीनं घाईघाईनं पुन्हा पॅडलवर पाय दिला.

"नको. एका ठिकाणी तरी ती माझी म्हणून लिहिलेली असू दे."

"झालं का?" नवरा आत आला.

"झालं. सगळं बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या मजल्यावर त्या पायरीवर मटकन बसल्या. जरा वेळानं नवख्या मुलीला फोन लावला.

"फॉर्म ठीक आहे तुझा. आणि ऐक, त्या घरी आता पुन्हा कुणी जायचं नाही."

"हो. पण मॅडम, तुम्हाला दम का लागलाय?"

"जिना उतरतेय," बाई म्हणाल्या.