किरकोळ पिवळा दिवा

तिने पंख्याची जाळी काढून फुटपाथच्या कडेला आपटली. धुळीचा लोट उठला आणि शिंकेवर शिंक. वस्तीचे फोन आणि इंटरनेट चालवणाऱ्या डीएसएलच्या पेटीतला हा पंखा सकाळपासून अडखळत होता, म्हणून कंट्रोल रूमच्या भिंतीवर पिवळा दिवा लागला होता. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे किरकोळ, लाल म्हणजे धावा.

फोन वाजला. साहेब.

"ए धुराडं, झालं का? हेड ऑफिसच्या मोठ्या बाई येऊन बसल्यात. मला भिंत हिरवीगार पाहिजे."

"जाळी धुते आणि बसवते."

"तोवर मी दिवा दाबून टाकतो. किरकोळच तर आहे."

धुराडं! हे नाव त्यानेच चिकटवलं होतं. मागे असाच एक पिवळा दिवा लागला होता, तिने तीनदा फोन करून सांगितलं होतं आणि त्याने तो दाबून टाकला होता. दाबला की दिवा भिंतीवरून जातो. पेटीतला ताप जात नाही. आतली सर्किटची कार्डं जळली, अर्ध्या वस्तीचे फोन मेले आणि चौकशीत हा बेधडक म्हणाला, "हिने जाळीच साफ केली नाही." मोठ्या बाईंनी ते खरं मानलं. तिची बढती गेली ती गेलीच, वर हे नाव.

तिने जाळी धुऊन बसवली. पंखा सुरळीत फिरू लागला. मनात आलं, पंखाच काढून ठेवावा; होऊ दे लाल, जाऊ दे त्याची अब्रू चव्हाट्यावर. पण समोरच्या बाल्कनीत एक म्हातारी फोनवर कुणा नातवाला ओरडून ओरडून गाणं म्हणून दाखवत होती. तिचं गाणं का तोडायचं?

तिने कंट्रोल रूममधल्या मैत्रिणीला फोन लावला.

"भिंत कशी दिसतेय?"

"हिरवीगार. साहेब मिशीतल्या मिशीत हसतायत, मेले!"

"बरं. फोन चालू ठेव."

तिने पेटीचं दार उघडंच ठेवलं. दार उघडं राहिलं तरी पिवळा दिवा लागतो, पण त्याने कुणाचा फोन बंद पडत नाही. मग ती उलट्या बादलीवर बसली आणि डबा उघडला.

"अगं, तुझ्या पेटीचा पिवळा आला... गेला. साहेबांनी दाबला."

तिने पायाने दार लोटलं आणि पुन्हा उघडलं.

"आला! दाबला. बोलता बोलता दाबला गं, बघितलंसुद्धा नाही."

तिने तोंडातला घास सावकाश चावला. पुन्हा पाय. पुन्हा दार.

पलीकडून मैत्रिणीचा आवाज एकदम खाली आला.

"मोठ्या बाई उठल्या. विचारतायत, हे काय दाबताय सारखं? साहेब म्हणाले, काही नाही मॅडम, किरकोळ. बाई म्हणतायत, दाबलेले सगळे उघडा."

"मग?"

"अगं बाई गं! भिंत पिवळीधमक झालीय. इतके होते? बाई विचारतायत, त्या जळलेल्या पेटीचाही असाच दाबला होता का."

"आणि साहेब?"

"फोन उचलून तुझाच नंबर शोधतायत."

तिने फोन ठेवला. डब्याचं झाकण लावलं, हात धुतले, ओले हात ओढणीला पुसले. समोर म्हातारीचं गाणं अजून चालूच होतं.

फोन वाजला. साहेबच, पण या वेळी 'धुराडं' नव्हतं.

"अहो... तेवढं दार लावा ना. प्लीज. बाई इथेच उभ्या आहेत."

तिने दाराकडे पाहिलं. पाय लांब केला आणि दार आणखी थोडं उघडलं.

"किरकोळ आहे, साहेब," ती म्हणाली. "दाबून टाका."