बेचाळीस मुद्दे

चार रविवार मी मोटारींच्या शोरूममध्ये जातोय आणि डोकं फिरवून घरी येतोय. सगळीकडे तेच. काचेचं दार, हाडं गोठवणारा एसी, कागदी कपातली पाणचट कॉफी आणि टाय लावलेला कुणीतरी, ज्याला ब्रेकबद्दल विचारलं की घाम फुटतो, पण गाण्यांचे स्पीकर किती ते तोंडपाठ असतं.

गाडी माझ्यासाठी नाही, मुलीसाठी आहे. उत्कर्षा लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवते आणि आम्ही राहतो कसबा पेठेत. दीड वर्षापूर्वी स्कूटरवरून कॉलेजला जाताना सोलापूर रस्त्यावर एका टेम्पोनं तिला मागून उडवलं. डावा घोटा मोडला, आत धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसले. तेव्हापासून ती दोन बस बदलून जाते. आता कॉलेजनं तिला एक तारखेपासून सकाळी आठचं प्रॅक्टिकल दिलंय, आणि त्या वेळेला बसनं पोचणं अवघड आहे. महिन्यापूर्वी जेवताना तिनं शांतपणे सांगितलं, "मी पुन्हा स्कूटर काढते."

"स्कूटर त्या रस्त्यावर जाणार नाही," मी म्हणालो. "एक तारखेच्या आत गाडी दारात उभी राहील. छोटी, नवी, आपल्याला परवडणारी. पण नीट बघून घ्यायची."

'नीट बघून' हे शब्द ऐकल्यावर माझ्या बायकोनं, भाग्यश्रीनं, आमटीची वाटी खाली ठेवली. पुढे काय होणार ते तिला तिथेच कळलं असावं.

मी तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. बाकीचे माल बनवायचे, मी तो नापास करायचो. नापास मालाला लाल चिठ्ठी लावायची आणि आला तिकडे परत पाठवायचा. लोक मला घाबरायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते नागोराव म्हणायचे, मापं कितीही बरोबर येऊ देत, नट बोल्टावर चढवून बघितल्याशिवाय पास करायचा नाही. मी ते पुढे पन्नास जणांना शिकवलं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी केली. बेचाळीस मुद्दे. नाश्त्याला ती दोघींना वाचूनही दाखवली.

"मुद्दा पहिला. ऑटोमॅटिक नको. देवानं दोन पाय दिलेत, दोन्ही वापरायचे. एक क्लच दाबायचा कंटाळा म्हणून वर पैसे द्यायचे, हे आळशी लोकांचे चोचले आहेत."

उत्कर्षा पोह्यांवरचं खोबरं चमच्यानं बाजूला सारत होती. "बरं," एवढंच म्हणाली.

पहिल्या रविवारी सातारा रस्त्यावर गेलो. गाडी दिसायला बरी होती. मी दार उघडून लावलं, पुन्हा उघडून लावलं, असं सहा वेळा केलं. दाराचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येत होता. नापास. तिथला माणूस म्हणाला, "सर, पण यात सनरूफ येतं." मी म्हणालो, "पुण्याच्या उन्हात छप्पर उघडून काय पापड वाळवायचेत?" भाग्यश्री कपाळाला हात लावून सोफ्यावर बसली होती.

दुसऱ्या रविवारी नगर रस्त्यावर गेलो. तिथल्या गाडीत सुरक्षेचे चार तारे होते, सहा एअरबॅग होत्या, मला आशा वाटायला लागली होती. मग मी डिकी उघडली. स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा लहान! "रात्रीची पंक्चर झाली तर मुलीनं या खेळण्याच्या चाकावर हडपसर गाठायचं का?" असं मी विचारलं. "सर, सगळ्याच कंपन्या आता असंच देतात," तो म्हणाला. सगळे गाढवपणा करतात म्हणून तो शहाणपणा होत नाही, हे मी त्याला सांगितलं आणि आम्ही बाहेर पडलो.

तिसऱ्या रविवारी दोन शोरूम झाली. एका गाडीचे दोन पुढचे दिवे एका उंचीवर नव्हते. दुसरीची लांबी आमच्या पार्किंगमध्ये मावत नव्हती. आमच्या इमारतीखाली जी जागा आहे तिच्यात मी खडूनं प्रत्येक गाडीचा चौकोन आखून ठेवला होता, आणि शेजारच्या बाबुरावांनी त्या चौकोनात मुद्दाम आपली स्कूटर लावली होती. त्यावरून आमचं जे झालं ते इथे सांगत नाही. घरी येताना रिक्षात मी एकटाच बोलत होतो. या देशात एक सरळ दार असलेली गाडी बनत नाही, वगैरे.

"माझ्या वडिलांनी तुम्हाला बघायला आल्यावर एवढं तपासलं असतं ना," भाग्यश्री म्हणाली, "तर आज मी सुखात असते."

"तू थांब. मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे."

"मग मुलगी काय म्हणते ते विचारलंत का?"

"ती म्हणते, तुम्ही म्हणाल ती."

ते खरंच होतं. उत्कर्षा प्रत्येक वेळी आमच्याबरोबर यायची. टेस्ट ड्राइव्हला मी चालवायला बसायचो, शोरूमचा माणूस माझ्या शेजारी, आणि ती आईबरोबर मागे. खड्डा आला की मी मागे न बघता विचारायचो, "पाठीला लागलं?" ती म्हणायची, "नाही बाबा." मी यादीत सस्पेन्शनसमोर खूण करायचो. मला वाटायचं, गुणी मुलगी आहे, वडिलांवर विश्वास आहे.

चौथ्या रविवारी सोलापूर रस्त्यावरच्या शोरूममध्ये गेलो तेव्हा एक तारखेला अकरा दिवस उरले होते. त्यामुळे मी आधीच चिडलेला होतो. इथला माणूस प्रज्ञेश नावाचा होता. त्यानं सनरूफचं नाव काढलं नाही. मी दार सहा वेळा लावलं, तो गप्प उभा राहिला. मी गाडीखाली वाकून बघायला लागलो तर त्यानं मोबाइलचा उजेड धरला. दारं बरोबर, दिवे बरोबर, सहा एअरबॅग, मोठी स्टेपनी, लांबी आमच्या खडूच्या चौकोनात बसणारी, किंमत माझ्या आवाक्यातली. मी चालवून आणली. बेचाळीसपैकी एक्केचाळीस खुणा झाल्या. उरलेला मुद्दा पांढऱ्या रंगाचा होता आणि पांढरी मागवता येणार होती.

"पास," मी म्हणालो. भाग्यश्रीनं हात जोडले, कुणाला ते माहीत नाही.

प्रज्ञेशनं कागद पुढे केले आणि मग उत्कर्षाकडे बघून म्हणाला, "मॅडम, गाडी तुमच्या नावावर आहे ना? तुम्हीपण एक राउंड घ्या ना."

"नको," ती पटकन म्हणाली. "बाबांनी बघितलीय."

"अगं घे की!" मला तर हौसच वाटली. "कशी लोण्यासारखी चालते बघ. जा, बस."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. मग ती बसली. सीट पुढे घेतली, आणखी पुढे घेतली. मी शेजारी बसलो, भाग्यश्री आणि प्रज्ञेश मागे. तिनं मोटारीचं लायसन्स अपघाताच्या आधीच काढलेलं होतं, त्यामुळे मला काळजी नव्हती. मोकळ्या रस्त्यावर तिनं छान चालवली. मी मागे वळून भाग्यश्रीला म्हणालोसुद्धा, बघ.

मग हडपसरची गर्दी लागली. रविवार संध्याकाळ, पुलाखाली गाड्या मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या. चार हात पुढे जायचं, थांबायचं. पुन्हा चार हात. पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा मी हसलो. दुसऱ्यांदा पडली तेव्हा मागून हॉर्न सुरू झाले.

"क्लच पूर्ण दाब," मी म्हणालो.

"दाबतेय."

गाडी हिसका देऊन पुन्हा बंद पडली. एक बसवाला खिडकीतून काहीतरी बोलला. माझं डोकं तडकलं. चार रविवार घालवून मिळालेली एकमेव पास गाडी, आणि ही तिला भर रस्त्यात बदनाम करतेय!

"उत्कर्षा, अर्धवट नको, पूर्ण दाब! लक्ष कुठे आहे तुझं?"

मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठांवर घाम होता. डावा हात गिअरवर असायला हवा, तो तिच्या डाव्या गुडघ्यावर होता. हातानं ती गुडघा खाली रेटत होती. घोट्यात जोर नव्हता, म्हणून ती हाताच्या जोरानं पाय क्लचवर दाबत होती.

मी उतरलो. हॉर्न वाजत होते, वाजू दे म्हटलं. तिला पलीकडे बसवलं, गाडी चालवत गर्दीतून काढली आणि एका रसाच्या गुऱ्हाळाशेजारी उभी केली. प्रज्ञेश समजूतदार होता, रस सांगतो म्हणून खाली उतरला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आधीपासूनच." ती समोर बघत होती. "चालताना काही होत नाही. जिना चढता येतो. पण दाबून धरलं की कळ येते. मार्चमध्ये मी पुन्हा ड्रायव्हिंगचा क्लास लावला होता. आठ दिवसांत सोडला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

मला आरडाओरडा करायचा होता. एक्स-रे मी स्वतः बघितला होता, उजेडात धरून. डॉक्टरांनी हाड छान जुळलंय म्हटलं आणि मी मान डोलावली होती. तो घोटा मीच पास केला होता.

"काय सांगणार?" ती म्हणाली. "तुमचा पहिला मुद्दाच तो होता. देवानं दोन पाय दिलेत."



"ते मी आळशी लोकांबद्दल बोललो होतो गं."

"हो. पण मग मी बघत बसले, बाबा. प्रत्येक रविवारी. दार वाजलं की नापास. दिवा वाकडा की नापास. मला वाटलं, पायाचं सांगितलं की तुम्ही म्हणाल, मग गाडी कशाला, नोकरीच सोड, घरी बस. तुमच्याकडे नापास झालेला माल परत जातो ना?" ती थांबली. "मला परत नाही यायचंय."

त्यावर तोंडात आलेलं पहिलं वाक्य मी गिळलं, कारण ती म्हणाली तेच मी म्हणालो असतो. घरी बस, काय अडलंय. हे मला त्या गुऱ्हाळासमोर स्पष्ट कळलं आणि मला स्वतःचा इतका राग आला की चार रविवारांत कुठल्याही शोरूमचा आला नव्हता. बेचाळीस मुद्दे! दिव्यांची उंची मोजली, डिकीची खोली मोजली, पार्किंगची फरशी मोजली. जिनं गाडी चालवायची, तिला एकदाही चालकाच्या जागेवर बसवलं नाही. नट बोल्टावर चढवलाच नाही. पन्नास जणांना शिकवलेली गोष्ट मी स्वतःच्या मुलीच्या बाबतीत विसरलो.

रस आला. प्रज्ञेशनं तिला आधी दिला. मग जरा बिचकत म्हणाला, "सर, हीच गाडी ऑटोमॅटिकमध्ये येते. क्लचच नाही. पांढरी हवी असेल तर सहा आठवडे. एक मातकट रंगाची तयार उभी आहे, ती आठ दिवसांत देता येईल. तो रंग कुणी घेत नाही."

किमतीतला फरक त्यानं सांगितला. मी म्हटलं, आधी दाखवा.

शोरूमच्या मागच्या अंगणात ती उभी होती. रंग म्हणजे ओल्या पोत्याचा रंग. चारही चाकांवर धूळ. मी सवयीनं खिशातली यादी काढली आणि परत ठेवली. उत्कर्षा चालकाच्या जागेवर बसली. डाव्या पायाला काही काम नव्हतं, तो तिनं बाजूला ठेवून दिला. अंगणातच दोन चकरा मारल्या. मी भिंतीजवळ उभा राहून नुसता बघत होतो. भाग्यश्री माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

तिसऱ्या चकरेला उत्कर्षानं गाडी माझ्यासमोर आणून थांबवली. मला दिसायचं ते दिसलंच. बॉनेटच्या डाव्या कडेची फट उजवीपेक्षा जास्त होती, निदान पाऊण मिलिमीटर. एवढ्या फटीवर मी अख्खी खेप परत पाठवलेली आहे.

काच खाली करून उत्कर्षा माझ्याकडे बघत होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. माल दाखवायला आलेली माणसं तपासणीच्या खिडकीपाशी अशीच उभी राहायची, माझ्या तोंडाकडे बघत.

"कशी आहे, बाबा?"

"मला काय विचारतेस? चालवली तू. तू सांग."

तिनं खरंच विचार केला. "मागचं कमी दिसतं. आणि रंग भयाण आहे." मग हसली. "पण मला हीच हवी."

"मग झालं," मी म्हणालो, आणि त्या फटीकडे पाठ करून प्रज्ञेशकडे पेन मागितलं.